मावशींना डिस्चार्ज केल्याची हकीकत

मंगळवारी सकाळी मावशींनी गॅस बंद केला, हात पुसले आणि स्वयंपाकघरातून बाहेर येऊन त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. चौदा वर्षं त्या आमच्याकडे स्वयंपाक करत होत्या आणि काम संपलं की थेट दार गाठायच्या. मध्ये माझ्या खुर्चीपाशी थांबायचं त्यांना कधी कारण पडलं नव्हतं. म्हणून मी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"साहेब, एक कागद पाहिजे होता," त्या म्हणाल्या. "इंग्रजीत."

हकीकत अशी होती. मावशींची भाची परदेशात एका वृद्धाश्रमात कपडे धुण्याच्या विभागात होती. तिथल्या स्वयंपाकघरात एक बाई हवी होती. मुलाखत झाली होती, पासपोर्ट झाला होता, रक्त-लघवी सगळं तपासून झालं होतं. राहिला होता तो फक्त आधीच्या मालकाचा दाखला आणि त्यासोबतचा एक फॉर्म. वयाची अट पन्नासच्या आतली, आणि मावशींना पुढच्या महिन्याच्या तीन तारखेला पन्नास पूर्ण होत होती. कागद तीस तारखेपर्यंत नोकरी लावून देणाऱ्या एजन्सीत पोचायला हवे होते.

"एवढंच ना," मी म्हणालो.

हे दोन शब्द मी परत घेऊ शकलो असतो तर पुढचे तीन आठवडे वाचले असते. पण माझी बाजूही समजून घ्या. मी पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ पत्रव्यवहार शाखेचा प्रमुख म्हणून. या शहराला पाणी का मिळणार नाही, हे नागरिकांना ज्या सभ्य इंग्रजीत कळवलं गेलं, त्याचं श्रेय माझं आहे. निवृत्तीनंतर सहा वर्षांत माझ्याकडे कोणी काही लिहून मागितलं नव्हतं. मावशींनी मागितलं.

आमची ही आतून ऐकत होती. तिचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले; ओट्यापाशी दहा मिनिटं उभी राहिली की भिंतीला हात लावावा लागतो. ती म्हणाली, "द्या की. चांगला द्या. इतका चांगला द्या की उद्याच्या उद्या घेऊन जातील." हे कुठल्या सुरात म्हटलं ते मला कळलं नाही. सूर कळला नाही की मान खाली घालून कामाला लागायचं, इतपत संसार मी शिकलो आहे.

पहिल्या मसुद्याला तीन तास लागले. त्यातलं मुख्य वाक्य असं: 'शी इज अ सिंपल, होमली अँड इनोसंट लेडी.' साधी, घरगुती, निष्पाप. मी ते स्वतःशीच तीनदा मोठ्याने वाचलं आणि चौथ्यांदा वाचायला श्रोता असावा म्हणून वरच्या मजल्यावर प्राध्यापकांकडे गेलो.

प्राध्यापकांनी आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. कोणतेही दोन शब्द एकाच अर्थाचे नसतात, असं त्यांचं ठाम मत आहे, आणि या मतापायी त्यांना दोन ओळींचं पत्र लिहायलाही आठवडा लागतो. त्यांनी चष्मा बदलून मसुदा वाचला आणि कागद माझ्या हातात परत दिला.

"सिंपल म्हणजे साधी, हे बरोबर," ते म्हणाले. "पण माणसाबद्दल म्हटलं की अकलेने जरा मंद असाही अर्थ होतो. होमली तिकडे काही ठिकाणी घरगुती, काही ठिकाणी दिसायला बेताची. आणि इनोसंट म्हणजे आरोप होता, पण सिद्ध झाला नाही."

"म्हणजे मी काय लिहिलंय?"

"मंद, दिसायला बेताच्या, आणि खटल्यातून सुटलेल्या," प्राध्यापक गंभीरपणे म्हणाले. "कोणी सहृदय असेल तर बरोबर अर्थ घेईल. पण जोखीम कशाला?"

त्यांच्याकडे समोरचे बँकवाले बसले होते. ते रोज अकरा वाजता तिथे चहाला असतात. त्यांनी आपण होऊन सांगितलं, की दाखल्यात महत्त्वाचा शब्द एकच, ट्रस्टवर्दी. मी ऑनेस्ट लिहिलं होतं ते त्यांना पसंत पडलं नाही. "ऑनेस्ट म्हणजे आजवर काही उचललं नाही. ट्रस्टवर्दी म्हणजे पुढेही उचलणार नाही. बाहेरच्यांना पुढचं पाहिजे असतं." मी म्हटलं, मग रिलायेबल? तर प्राध्यापक म्हणाले, "तो शब्द यंत्राला शोभतो. पंप वगैरे." एकतीस वर्षं मी रिलायेबल वॉटर सप्लाय असं लिहीत आलो होतो आणि त्या शब्दाबद्दल माझ्या मनात आदर होता. पंपाचा उल्लेख त्यांनी मुद्दाम केला असं मी म्हणत नाही. पण चहा मी अर्धा ठेवला.

आठ दिवस असे गेले. 'सर्व्हंट' लिहिलं तर हिला अपमानास्पद वाटलं. 'मेड' लिहिलं तर केरवारा करणारी वाटते असं बँकवाल्यांचं म्हणणं. 'कुक' म्हणजे पुरुष वाटेल की बाई, यावर प्राध्यापकांकडे दीड तास चर्चा झाली, आणि ज्यांच्याबद्दल ती चालली होती त्या खालच्या मजल्यावर माझ्यासाठी जेवण झाकून घरी गेल्या होत्या. मी गार जेवलो.

नवव्या दिवशी मसुदा घेऊन नोटरीकडे गेलो. नोटरीच्या टेबलावर तीन शिक्के, एक पंखा आणि माझ्यापुढे सात माणसं होती. माझी पाळी आल्यावर त्यांनी पहिल्याच शब्दावर बोट ठेवलं. मी 'आय हियरबाय सर्टिफाय' असं लिहिलं होतं.

"सर्टिफाय तुम्हाला करता येणार नाही," नोटरी म्हणाले. "त्याला पद लागतं."

"मी शाखाप्रमुख होतो."

"होतात," ते म्हणाले. "डिक्लेअर करा. पण डिक्लेअर केलंत तर प्रतिज्ञापत्र लागेल, दोन साक्षीदार लागतील. तुमच्यासाठी स्टेट बरं. स्टेट कोणीही करू शकतं."

आयुष्यभर सर्टिफाय केलेल्या माणसाला सात अनोळखी लोकांसमोर स्टेटवर उतरावं लागलं. मी उतरलो. मावशींसाठी उतरलो, असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं.

फॉर्म मात्र मी कोणालाही न दाखवता, एकट्याने, दुपारी जेवणाच्या टेबलावर बसून भरला. सल्ल्यांचा मला वीट आला होता. शिवाय फॉर्म भरणं हा माझा हातखंडा. नाव, वय, कामाचा काळ हे झटपट झालं. मग आला रकाना नोकरी सोडण्याच्या कारणाचा. चार शब्द छापले होते, रिझाइन्ड, रिलीव्ह्ड, डिस्चार्ज्ड, डिसमिस्ड, आणि लागू नसतील ते खोडा अशी सूचना होती.

डिसमिस्ड सरळ खोडला. रिझाइन्ड खोडताना थोडा थांबलो, पण राजीनामा म्हणजे लेखी राजीनामा. मावशींनी तसा काही दिला नव्हता. उरले दोन. हिला विचारलं, रिलीव्ह्ड कसं वाटतं? ती म्हणाली, "रिलीव्ह म्हणजे सुटणं ना? कोण सुटलं, आपण की त्या?" म्हणून तोही खोडला. राहिला डिस्चार्ज्ड. आमच्या खात्यात प्रत्येक गोपनीय अहवालात मी लिहीत असे, अमुक यांनी आपली कर्तव्यं उत्तम रीतीने डिस्चार्ज केली. भारदस्त शब्द. तो ठेवला.

खाली आणखी एक प्रश्न होता: उमेदवार पोलिसांना 'नोन' आहे काय? मला बरं वाटलं, कारण समोरच्या इमारतीत एक निवृत्त फौजदार राहतात आणि मावशी सहा वर्षं त्यांच्याकडेही स्वयंपाक करतात. नोन बाय की नोन टू, यावर मी थोडा विचार केला. बाय म्हणजे नुसती तोंडओळख वाटते. टूमध्ये जवळीक आहे. छापलेलंही टू होतं. मी लिहिलं, 'येस, व्हेरी वेल, फॉर सिक्स इयर्स.' आणि सही केली. चांगली लांब सही.

दोन्ही कागद एजन्सीत पोचवले आणि चौथ्या दिवशी तिथून फोन आला. बोलणाऱ्या अधिकारी बाई अतिशय शांत होत्या, आणि शांत आवाजाची मला कार्यालयापासून धास्ती आहे.

"तुम्ही दाखल्यात बाईंची खूप स्तुती केली आहे," त्या म्हणाल्या. "आणि फॉर्ममध्ये त्यांना कामावरून काढून टाकलंय, आणि सहा वर्षं त्यांचं नाव पोलिसांच्या दप्तरी आहे, असंही तुम्हीच लिहून दिलंय. यातलं आम्ही काय खरं धरायचं?"

मी समजावून सांगायला लागलो. मराठीत सांगतानासुद्धा ते पटण्यासारखं वाटत नव्हतं. बाई म्हणाल्या, की प्रकरण थांबवून ठेवलं आहे, मावशींना कळवलं आहे, आणि तीस तारखेपर्यंत नवा फॉर्म, नवा दाखला आणि पोलिसांबद्दल खुलासा आला नाही तर जागा दुसऱ्या उमेदवाराला जाईल. त्या दिवशी सव्वीस तारीख होती.

फोन ठेवला तर ही दारात उभी होती. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "मुद्दाम केलंत?"

"छे," मी म्हणालो. "असं कसं बोलतेस?"

ती आत गेली. मी बसून राहिलो. छे हा शब्द पटकन आला होता, आणि इतक्या पटकन माझ्याकडे शब्द येत नाहीत. रिझाइन्डवर मी थांबलो होतो, हे मला आठवत होतं. राजीनामा कागदावर नाही हे कारण खरं होतं, पण त्याच्यामागे आणखी काहीतरी होतं. रिझाइन्ड म्हणजे त्या आपल्या मनाने आम्हाला सोडून निघाल्या. बाकीच्या तिन्ही शब्दांत सोडणारा मी होतो. मला सोडून कोणी जातंय असं लिहायला माझा हात तयार नव्हता, आणि त्या हाताने जे केलं ते मी व्याकरणाच्या नावावर खपवलं होतं. मुद्दाम नव्हतं. पण छे म्हणण्याइतकं स्वच्छही नव्हतं.

सत्तावीसला मावशी नेहमीच्या वेळेला आल्या. गॅसपाशी न जाता माझ्यापुढे उभ्या राहिल्या.

"साहेब, तुम्ही मला डिस्चार्ज केलं म्हणे. दवाखान्यातून करतात तसं का?"

"नाही."

"मग कसं?"

मी सांगितलं. काही न लपवता सांगितलं, खोडलेले शब्दही सांगितले. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "कागद वाचून दाखवा. मराठीत." आणि समोरची खुर्ची ओढून बसल्या.

मी दाखला काढला आणि एकेका शब्दाचं मराठी करत गेलो. विश्वासू, कष्टाळू, नम्र, वक्तशीर, स्वच्छताप्रिय. तेरा शब्द होते, प्रत्येकात तीन माणसांनी डोकं घातलेलं. वाचता वाचता माझा आवाज खाली जात होता. मावशींनी सगळं ऐकून घेतलं.

"यात मी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"सगळं तुमच्याबद्दलच आहे, मावशी."

"हे कोणाबद्दलही चालेल. बँकवाल्यांच्या बाईलाही चालेल." मग म्हणाल्या, "मोठ्या आईंचं लिहिलं नाहीत."

मोठ्या आई म्हणजे माझी आई. शेवटचे आठ महिने ती अंथरुणात होती आणि कोणाच्याही हातून जेवायची नाही. ही भरवायला बसली की दहा मिनिटांत दोघी रडकुंडीला यायच्या; मी बसलो की आई भिंतीकडे तोंड करायची. मावशी दुपारी चारला, आम्ही न सांगता, परत यायला लागल्या. वाटी घेऊन शेजारी बसायच्या आणि काहीबाही बोलत राहायच्या. एक वाटी संपायला चाळीस मिनिटं लागायची. एवढा वेळ त्या कुठून आणत होत्या, हे मी कधी विचारलं नाही. दाखल्यात ते आलं नव्हतं, कारण ते स्वयंपाकाच्या कामात बसत नाही असं मी ठरवलं होतं. दाखला वृद्धाश्रमासाठी होता.

मी कोरा कागद घेतला. मावशी सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. चौदा वर्षं, सकाळी सात. दोन्ही घरं एका दिवशी कधी बुडवली नाहीत. तिखट बंद, मीठ कमी, दात नसलेल्या माणसाला काय चालतं ते ठाऊक आहे. आणि मग आईचं वाक्य आलं, आणि मी अडलो.

प्राध्यापकांना खाली बोलावलं. या वेळी बँकवाल्यांना बोलावलं नाही. मी 'फेड' लिहिलं होतं. प्राध्यापक म्हणाले, भरवलं हे बरोबर, पण गाईला घातलं यालाही तोच शब्द. 'नर्स्ड' म्हटलं तर प्रमाणपत्र मागतील. 'सर्व्ह्ड' म्हणजे हॉटेल. शेवटी दोन उरले: 'लुक्ड आफ्टर' आणि 'केअर्ड फॉर'.

"दोन्हींचं मराठी एकच ना? काळजी घेतली," मी म्हणालो.

प्राध्यापकांनी चष्मा काढला. "पहिल्यात काळजी घेतली. दुसऱ्यात काळजी घेतली, आणि शिवाय वाटलीही."

आम्ही दोघांनी मावशींकडे पाहिलं. त्या कणीक मळायला उठत होत्या, त्या तशाच थांबल्या.

"वाटायची," त्या म्हणाल्या. "पण ते कशाला लिहायचं? घेतली एवढं लिहा. ते लोकांना दिसतं."

प्राध्यापकांनी चष्मा परत लावला आणि 'लुक्ड आफ्टर'वर बोट ठेवलं. इतकी वर्षं ओळखतो त्यांना. शब्दाच्या निवडीवर त्यांनी वाद घातला नाही, असं मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं.

आता खुलासा राहिला होता. अठ्ठावीसला फौजदारांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकलं, आनंदाने लेटरहेड काढलं आणि उभ्या उभ्या लिहून दिलं: 'नथिंग हॅज बीन प्रूव्ह्ड अगेन्स्ट हर.' तीन आठवड्यांपूर्वी मी ते घडी घालून खिशात ठेवलं असतं. आता मी दारातच वाचलं आणि परत फिरलो.

"यात चुकीचं काय आहे?" फौजदार म्हणाले. "आमच्याकडे यापेक्षा चांगलं कोणाबद्दल लिहीत नाहीत."

मी त्यांना विनंती केली, की बाई माझ्याकडे सहा वर्षं जेवण बनवतात आणि पोलीस खात्याशी त्यांचा संबंध तेवढाच, असं सरळ लिहा. त्यांना ते फार मिळमिळीत वाटलं, पण त्यांनी लिहिलं. खाली स्वतःहून एक ओळ घातली, की त्या गेल्यावर माझे हाल होतील. ती मी राहू दिली.

तीस तारखेला मावशी आणि मी एजन्सीत गेलो. तिसरा मजला, खिडकीपाशी रांग, भिंतीवर विमानांची चित्रं. फोनवरच्या शांत बाई प्रत्यक्षातही शांतच होत्या. त्यांनी सहा ओळींचा दाखला वाचला. आईच्या ओळीवर त्या थांबल्या, परत वाचली, आणि बाजूला खूण केली. फौजदारांचं पत्र वाचताना तोंडावर हात ठेवला. नव्या फॉर्मवर मी त्यांच्यासमोरच कारणाच्या रकान्यात तीन शब्द खोडले आणि रिझाइन्ड ठेवला. या वेळी हात थांबला नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. थांबला. पण खोडायचे तेच खोडले.

"शेवटचा रकाना," बाई म्हणाल्या. "उमेदवाराशी तुमचं नातं."

फ्रेंड, रिलेटिव्ह, एम्प्लॉयर, अदर. माझा पेन 'अदर'पाशी गेला. तिथे पुढे रिकामी ओळ होती आणि त्या ओळीत काय लिहावं याचा एक शब्द माझ्या मनात तयार होता. हा शब्द निवडायला मला कोणाच्या सल्ल्याची गरज नव्हती.

बाईंनी माझा पेन पाहिला. "घरच्यासारख्या वगैरे लिहू नका," त्या हळूच म्हणाल्या. "नातं निघालं की दाखला बाद होतो. नात्यातला माणूस चांगलंच लिहिणार, असं धरतात."

"काय विचारतायत?" मावशींनी विचारलं.

"मी तुमचा कोण, ते."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं, फॉर्मकडे पाहिलं. "ज्याने काम होईल ते लिहा," त्या म्हणाल्या.

मी एम्प्लॉयरवर खूण केली, आणि बाईंनी सांगितल्यावर त्याच्याआधी 'फॉर्मर' असा शब्द लिहिला. शिक्का बसला.

आम्ही जिना उतरलो. खालच्या पायरीवर मावशी थांबल्या.

"साहेब, मी पंधरा तारखेला निघेन. मग ताईंचे गुडघे असे. स्वयंपाकाचं काय करायचं ठरवलंत?"

"करू काहीतरी," मी म्हणालो.

"करू म्हणजे कोण? ताई की तुम्ही?"

मी रस्त्याकडे पाहिलं. मावशी हलल्या नाहीत. लोक आमच्या दोन्ही बाजूंनी जिना चढत होते.

"मी," मी म्हणालो. "मी करीन."

मावशींनी पिशवी खांद्यावर नीट घेतली.

"लिहून द्या," त्या म्हणाल्या. "मराठीत."